पेशवे पार्क : डरकाळी आणि दप्तर

पुण्याच्या पेठांमध्ये वाढलेल्या माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, रात्री अंथरुणात ऐकलेल्या सिंहाच्या डरकाळीची आठवण तो सांगेल. आमच्याकडे आजी म्हणायची, "झोप आता, नाहीतर येईल हं तो." रविवारी वडिलांचा हात धरून आम्ही त्याच सिंहाला पाहायला जात असू. खारे दाणे अर्धे आमच्या पोटात, अर्धे माकडांच्या.

हे प्राणिसंग्रहालय पेशव्यांनीच सुरू केले, असे मीही कित्येक वर्षे धरून चाललो होतो. काही ठिकाणी तर 'माधवराव पेशव्यांनी १८७० साली स्थापन केले' असे छापलेले आढळते. पेशवाई १८१८ मध्ये संपली, तेव्हा हे साल उघडच चुकीचे. १७७० चे १८७० झाले असावे, असा तर्क करता येतो. पण ज्या शिकारखान्याची भक्कम साक्ष मिळते, तो सवाई माधवरावांचा, पर्वतीच्या पायथ्याशी असलेला. इंग्रजांचा पुण्यातला वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी गंगाराम चिंतामण तांबट या पुणेकर चित्रकाराने तिथल्या गेंड्याचे चित्र काढले. त्यावर नोव्हेंबर १७९० ची नोंद आहे. ते चित्र आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. गेंडा गेला, शिकारखाना गेला, कागद उरला.

पेशवे पार्क ही मात्र वेगळी संस्था. पुणे महानगरपालिकेने १९५३ मध्ये, सारसबागेशेजारी, साधारण सात एकरांत ते उभारले. नाव पेशव्यांचे, जागा त्यांच्या शिकारखान्याच्या परिसरातली. पण मालक आता नागरिक होते. सरदार-दरकदारांनी पाहायचा वाघ मध्यमवर्गीय पोरांना दिसू लागला, ही गोष्ट लहान नव्हे. १९५६ मध्ये 'फुलराणी' ही छोटी आगगाडी आली आणि दोन पिढ्यांच्या बालपणाला शिट्टी मिळाली.

परंतु सात एकर म्हणजे किती? त्यात झाडे, रस्ते, आगगाडीचे रूळ, सुट्टीची गर्दी आणि उरलेल्या जागेत पिंजरे. भोवती शहर वाढत होते, भिंत सरकणार कुठे? वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ मध्ये दुरुस्ती झाली आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आले. आता मान्यतेशिवाय संग्रहालय चालवता येईना, आणि मान्यतेसाठी प्राण्याला पुरेशी, त्याच्या स्वभावाला साजेशी जागा हवी. शहराच्या मध्यावर ती मिळणे शक्य नव्हते.

कात्रजला १९८६ पासून सर्पोद्यान होतेच. तिथे तलावासकट सुमारे १३० एकरांवर राजीव गांधी प्राणिसंग्रहालय उभे राहिले. १९९९ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले, आणि २००५ पर्यंत पेशवे पार्कातले प्राणी टप्प्याटप्प्याने तिकडे गेले. रिकाम्या जागेत ऊर्जा उद्यान झाले. फुलराणी तेवढी जागेवर राहिली.

नकाशा पाहताना एक गोष्ट लक्षात आली. आंबील ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावतो आणि पर्वतीजवळून मुठेकडे जातो. कात्रजचा तलाव आणि सारसबागेचे तळे, दोन्ही नानासाहेब पेशव्यांच्या काळातली. म्हणजे प्राणी गेले ते त्याच ओढ्याच्या काठाने, उगमाकडे.

संग्रहालय हलले तेव्हा मी हळहळलो होतो. जुन्या पुण्यावरच्या गप्पांत अजूनही कुणीतरी म्हणते, "काय मजा होती!" मीही मान डोलावतो. मात्र हा लेख लिहिताना स्वतःला विचारावे लागले, की मजा कुणाची? आमच्या आठवणीत सिंह आहे, त्याचा पिंजरा नाही. तो किती पावले लांब होता, हे मला आठवत नाही. सिंह एका टोकाहून वळून पुन्हा येताना दिसे, एवढे आठवते; आणि तो लगेच परत येतो म्हणून आम्ही टाळ्या वाजवत असू.