सही कोणाची, मत कोणाचे?

मंडळी, मागच्या वेळी आपण होमरूल चळवळीपाशी थांबलो होतो. तिथूनच पुढे जाऊ.

११ नोव्हेंबर १९१८ला महायुद्ध थांबलं. दहा लाखांहून अधिक हिंदी माणसं या युद्धासाठी समुद्रापार गेली होती. मग पॅरिसच्या तहपरिषदेत हिंदुस्थानच्या वतीने बोलायचं कोणी? सरकारने आपल्या पसंतीची माणसं नेमली: भारतमंत्री माँटेग्यू, बिकानेरचे महाराजा गंगासिंह आणि सत्येंद्रप्रसन्न सिन्हा. लोकांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

पण लोक गप्प बसले नव्हते. ११ डिसेंबरला मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये गव्हर्नर विलिंग्डन यांच्या गौरवाची सभा भरली. हा गौरव मुंबईकरांच्या नावावर खपवू नका, म्हणून जिना आणि त्यांचे सहकारी सभागृहात ठाण मांडून बसले. सभा गोंधळातच संपली. भांडण एकच होतं: आमच्या नावाने बोलायचा अधिकार तुम्हाला दिला कोणी?

त्याच महिन्यात दिल्लीच्या काँग्रेसने तहपरिषदेसाठी आपले प्रतिनिधी निवडले: टिळक, गांधी आणि सय्यद हसन इमाम. टिळक तर चिरोल खटल्यासाठी लंडनमध्येच होते. पॅरिस जवळच, पण जायला परवानगी मिळेना! तेव्हा जानेवारी १९१९मध्ये त्यांनी फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो यांना पत्र लिहून हिंदुस्थानसाठी स्वयंनिर्णयाचा हक्क मागितला.

आता एक प्रश्न आपण आपल्यालाही विचारू. काँग्रेसने निवड केली हे खरं, पण परळ-लालबागच्या गिरणी कामगाराला तरी कोणी विचारलं होतं? त्याच जानेवारीत महागाईने पिचलेले लाखावर कामगार संपावर गेले. त्यांनी आपलं मत गिरणीच्या फाटकाबाहेर उभं राहून सांगितलं. लोकमत म्हणताना आपल्याला गिरगावच्या सभा आठवतात. हे फाटक मात्र आपण विसरतो.

२८ जून १९१९ला व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानतर्फे सह्या झाल्या त्या माँटेग्यू आणि गंगासिंह यांच्या. हिंदुस्थान राष्ट्रसंघाचा संस्थापक सदस्य झाला, पण घरात स्वराज्य नव्हतंच. निवडलेले बाहेर राहिले आणि नेमलेले आत बसले.

१ ऑगस्ट १९२०ला सरदारगृहात टिळक गेले. गिरगाव चौपाटीपर्यंत त्यांच्यामागे अफाट जनसमुदाय चालत गेला. प्रतिनिधी कोण होता, याचं उत्तर त्या दिवशी रस्त्यावर मिळालं. पुढच्या व्याख्यानात आपण गिरणगावाकडे वळू.