बाळ आलं, गाठ राहिली

कोल्हापुरात जुनी माणसं सीपीआर रुग्णालयाला अजून थोरला दवाखानाच म्हणतात. संस्थानी काळातलं ते आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. अमेरिकेत प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी यांची १८८६ साली इथल्या स्त्री-विभागावर नेमणूक झाली होती. पण काम सुरू व्हायच्या आतच, २६ फेब्रुवारी १८८७ला, क्षयानं त्या पुण्यात वारल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. पुढं शाहू महाराजांच्या पाठबळावर शिकलेल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर या दवाखान्यात आल्या. केळवकर बाईंचं नाव आज्जी हात जोडूनच घ्यायची.

तिथल्या बाळंतपणांच्या गोष्टी आज्जीकडं ढीगभर. थोरल्या आत्याची सांगताना मात्र तिचा आवाज बसायचा. सिझर झालं, मुलगा झाला, आणि गर्भाशयाच्या पिशवीला मुठीएवढी गाठ (फायब्रॉइड) दिसली. "डॉक्टरनं बघितली आन् तशीच ठिवली. हात लावला तर रगात थांबायचं न्हाई म्हणालं." नंतर दर पाळीला इतकं अंगावर जायचं की आत्या पांढरीफटक पडली. शेवटी पिशवीच काढावी लागली. दुसरं मूल हवं होतं, ते राहूनच गेलं.

त्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. नऊ महिने भरलेल्या गर्भाशयाकडं मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त वाहतं. गाठ सोडवलेली जागा वाहू लागली तर बाईचा जीव वाचवायला पिशवीच काढायची पाळी यायची. म्हणून देठावर लोंबणारी गाठ सोडली तर बाकीच्यांना सिझरच्या वेळी हात लावू नये, अशीच शिकवण होती.

आता सिझरमध्येच गाठ काढायची ठरली तर बाळ आणि वार बाहेर आली की ऑक्सिटोसिन देऊन गर्भाशय आकसवतात, वरचं आवरण छेदून गाठ संत्र्यासारखी सोलून काढतात आणि राहिलेली पोकळी थराथरानं टाके घालून बंद करतात. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडही हाताशी असतं. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाल्यावर ते लवकर दिलं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू कमी होतात, हे २१ देशांतल्या वीस हजारांवर बायकांच्या चाचणीत २०१७ साली दिसलं. सिझरमध्येच गाठ काढलेल्या बायकांचे अभ्यास सांगतात की वेळ जास्त लागतो, रक्त थोडं जास्त जातं, पण निवडक बायकांत मोठा धोका वाढलेला दिसत नाही. निवडक हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. हे अभ्यास बहुतेक सरावलेल्या हातांचे, आणि कुणाची गाठ काढायची हे डॉक्टरांनीच ठरवलेलं. त्यांच्या जोरावर सगळ्यांच्याच गाठी काढा म्हणणं चूक. गाठ छेदाच्याच वाटेत असेल तर ती काढणं भाग पडू शकतं. खोल रुतलेली किंवा गर्भनलिकेच्या तोंडाशी असलेली तशीच ठेवणं बरं. बाळंतपणानंतर कित्येक गाठी आपोआप लहानही होतात.

तेव्हा सोनोग्राफीत गाठ दिसली असेल तर सातव्या-आठव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारा: गाठ नेमकी कुठं आहे, सिझर झालं तर काढणार की ठेवणार, आणि का? हिमोग्लोबिन आधीच भरून काढा. आपल्या गटाचं रक्त तयार असेल, अशाच दवाखान्यात नाव घाला.