दारासुरम्‌चा नंदनार आणि चेरीची छपरं

आज आपण तमिळनाडूत, कुंभकोणमच्या शेजारी असलेल्या दारासुरम्‌ला जाऊ. इथलं ऐरावतेश्वराचं देऊळ चोळ राजा दुसरा राजराज याने बाराव्या शतकात बांधलं. रथाच्या आकाराचा मंडप, त्याला दगडी चाकं, दगडी घोडे. प्रवासी या मंडपाचे फोटो काढतात आणि परत फिरतात. पण मुख्य देवळाच्या पायथ्याशी वाकून पाहिलं, तर हातभरसुद्धा उंच नसलेल्या शिल्पांची एक रांग दिसते. त्रेसष्ट नायनार, म्हणजे शिवभक्त संत, त्यात कोरलेले आहेत. त्यांच्यात एक नंदनार. जातीने पुलैयर, म्हणजे अस्पृश्य.

या संतांची चरित्रं सेक्किळार याच्या ‘पेरियपुराणम्’ या ग्रंथात आहेत. दुसऱ्या राजराजाच्या वडिलांच्या काळात तो रचला गेला. नंदनारची वस्ती सेक्किळार कुठे दाखवतो? गावाच्या बाहेर, शेतांच्या कडेला. दाटीवाटीने उभी गवती खोपटी, जुनी झालेली छपरं, त्यांवर चढलेले भोपळ्याचे वेल. कवीने हे सहज सांगून टाकलंय, पण इतिहासाच्या दृष्टीने ही फार मोलाची नोंद आहे.

तिला दगडाचा पुरावाही आहे. पहिल्या राजराजाने तंजावरच्या मोठ्या देवळाला गावं दान दिली. त्या शिलालेखांत कोणत्या जमिनीवर कर नाही याची यादी येते. गावठाण, देवळं, तळी, स्मशान, आणि त्याच यादीत ‘पऱैच्चेरी’, ‘तीण्डाच्चेरी’. चेरी म्हणजे वेगळी वस्ती. तीण्डाच्चेरी म्हणजे जिला शिवायचं नाही अशी वस्ती. हजार वर्षांपूर्वी ती हिशेबाच्या कागदात, म्हणजे दगडात, पक्की झालेली होती. आता हा कावेरीचा त्रिभुज प्रदेश, सगळा सपाट. इथे हातभर उंच जागासुद्धा मौल्यवान. ती गावठाणाला मिळाली आणि चेरी भातखाचरांच्या कडेला राहिली. मग पाणी आधी कुठे शिरणार, हे पाऊस ठरवत नाही.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. मंगळवेढ्याचा चोखोबा आठवा. परंपरा सांगते की १३३८ मध्ये गावकुसाचं काम चालू असताना ते कोसळलं आणि वेठीला धरलेल्या इतर महारांबरोबर चोखोबा त्याखाली गाडला गेला. ज्या भिंतीच्या आत राहायची परवानगी नव्हती, तीच बांधताना! तो अपघात होता, पण भिंतीखाली कोण उभं असणार हे अपघाताने ठरलेलं नव्हतं.

आता २००४ साल. त्या वर्षी जून-जुलैमध्ये चीनमधल्या सुझोऊ इथे बैठक झाली आणि युनेस्कोने दारासुरम्‌चं देऊळ जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यानंतर काही दिवसांतच, १६ जुलैला, कुंभकोणमच्या एका शाळेत माध्यान्ह भोजन शिजत होतं. स्वयंपाकघराच्या छपराने पेट घेतला. आग वरच्या मजल्यावर गेली. तिथल्या वर्गांवर नारळाच्या झापांचं छप्पर होतं आणि खाली यायला अरुंद जिना. जळतं छप्पर मुलांच्या अंगावर कोसळलं. ९४ मुलं गेली. प्राथमिक वर्गातली, बहुतेक गरिबांच्या घरची. सेक्किळारच्या वेळचं छप्परच जणू शाळेवर येऊन बसलं होतं. पैसेवाल्यांच्या शाळेवर झापा कशाला असतील?

पुढे सरकारने शाळांवरची अशी छपरं काढायला लावली. चांगलं झालं. घरांवरची मात्र खूप काळ राहिली. जुन्या खोपटांच्या जागी पक्की घरं बांधायची मोठी योजना राज्यात आली ती २०१० साली.

मध्यंतरी त्याच २००४ च्या डिसेंबरात सुनामी आली. तिच्याबद्दल पुष्कळ बोललं गेलंय, म्हणून मी पुढच्या एका वादळाकडे वळतो. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे ‘गज’ चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आदळलं. तंजावर जिल्ह्यातल्या नारळाच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. पट्टुकोट्टैजवळच्या एका गावात एका मुलीला नुकतीच पहिली पाळी आली होती. रिवाजाप्रमाणे तिला घराबाहेरच्या झोपडीत झोपवलं होतं. वादळात नारळाचं झाड त्या झोपडीवर पडलं आणि ती गेली.