एक लाख साठ हजारांचा वर्ग

आधी एक प्रश्न, उत्तर मनातल्या मनातच द्या. सुरू करून अर्धवट सोडलेले किती ऑनलाइन कोर्स तुमच्या फोनमध्ये पडून आहेत? लाजू नका. आजचा इतिहास अर्धवट सोडणाऱ्यांचाच आहे.

'मॅसिव्ह ओपन ऑनलाइन कोर्स', आद्याक्षरांनी 'मूक'. मराठीत मूक म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पण पहिला मूक चांगलाच बडबडा होता. २००८ मध्ये कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी एक कोर्स काढला. फी भरून बसलेले २५ जण, आणि इंटरनेटवरून फुकट सामील झालेले दोन हजारांच्या वर. तिथे सर बोलतात आणि आपण ऐकतो, असा प्रकार नव्हता. लोक आपापले ब्लॉग लिहायचे, एकमेकांशी वाद घालायचे, त्यातून शिकायचे. जगभर पुढे जे पसरलं, ते मात्र वेगळंच.

ते सुरू झालं २०११ च्या पावसाळ्यानंतर, स्टॅनफर्डमध्ये. सेबास्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी आर्टिफिशियल इंटेलिजन्सचा आपला वर्ग सगळ्यांसाठी खुला केला. नावं आली साधारण १,६०,०००. शेवटपर्यंत टिकले वीस हजारांच्या थोडे वर. स्टॅनफर्डच्या खऱ्या वर्गात सुमारे २०० पोरं होती, त्यातली बहुतेक हळूहळू यायचीच थांबली, खोलीवर बसून व्हिडिओ बघू लागली. (आपण लॉकडाउनमध्ये केलं, त्यांनी नऊ वर्षं आधी केलं.) थ्रन यांनी नंतर सांगितलं की गुणांच्या यादीत वरच्या चारशेत स्टॅनफर्डचा एकही विद्यार्थी नव्हता. आता विचार करा, एवढी फी भरणाऱ्या आईबापांना हे ऐकून काय वाटलं असेल?

मग नुसती झुंबड. २०१२ मध्ये थ्रन यांची युडॅसिटी आली, अँड्र्यू एन्ग आणि डॅफ्नी कोलर यांची कोर्सेरा आली, आणि हार्वर्ड-एमआयटीने प्रत्येकी ३ कोटी डॉलर घालून एडएक्स काढलं. न्यूयॉर्क टाइम्सने तर २०१२ ला 'मूकचं वर्ष' म्हणून टाकलं. एडएक्सचा पहिला कोर्स इलेक्ट्रॉनिक सर्किट्सचा, शिकवणारे अनंत अग्रवाल, आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी. नोंदणी सुमारे १,५५,०००, पास झाले ७,१५७. पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्यांत मंगोलियातल्या उलानबातरचा १५ वर्षांचा एक मुलगा होता. पुढे एमआयटीने त्याला प्रवेश दिला. त्या काळात मूकवरच्या प्रत्येक भाषणात हा मुलगा असायचाच.

पण त्याच्या गोष्टीचा अर्धा भाग भाषणांतून गळायचा, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीत शिकलेले होते. कोर्स शाळेत त्यांनी आणला. प्रयोग करून घ्यायला त्यांनी स्टॅनफर्डमधल्या एका ओळखीच्या पीएचडी विद्यार्थ्याला थेट उलानबातरला बोलावलं. म्हणजे व्हिडिओ होता, पण शेजारी माणूसही होता.

माणूस नसला की काय होतं, ते २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठात दिसलं. युडॅसिटीबरोबर त्यांनी गणित आणि संख्याशास्त्राचे तीन कोर्स सुरू केले, फी फक्त १५० डॉलर. घेणाऱ्यांत आधी गणितात नापास झालेले होते, शाळकरी मुलं होती, काहींकडे तर धड कॉम्प्युटरही नव्हता. निम्म्याहून जास्त मुलं नापास झाली आणि प्रयोग थांबवावा लागला. आणि गंमत बघा, त्याच विद्यापीठात काही महिने आधी अग्रवालांचा सर्किट्सचा कोर्स वापरला होता. मुलं व्हिडिओ घरी बघायची आणि वर्गात प्राध्यापकांसमोर बसून गणितं सोडवायची. तिथे ९१ टक्के पास झाले, जुन्या पद्धतीच्या वर्गात हा आकडा साठच्या आत होता. विषय वेगळे, मुलं वेगळी, तेव्हा सरळ तुलना करू नये, कबूल. तरी फरक डोळ्यात भरतोच.

त्यानंतर थ्रन यांनी आपल्या मालाला स्वतःच 'भिकार' म्हटलं आणि कंपनी नोकरदारांच्या प्रशिक्षणाकडे वळवली. प्रामाणिकपणा आवडला, वळण नाही आवडलं. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय असं सांगितलं होतं, ती पोरं मागेच राहिली ना! त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने आपल्या कोर्सेरावरच्या जवळपास ३५,००० विद्यार्थ्यांची पाहणी केली. ८३ टक्क्यांकडे आधीच पदवी होती. भारत, चीन, ब्राझील, रशिया, दक्षिण आफ्रिका या देशांतले जवळजवळ ८० टक्के विद्यार्थी तिथल्या सगळ्यात श्रीमंत आणि शिकलेल्या ६ टक्क्यांतले निघाले. ज्यांच्या ताटात आधीच वाढलेलं होतं, त्यांनाच पुन्हा वाढलं.

आपल्याकडची वाट निराळी. आयआयटी आणि आयआयएससी यांनी मिळून २००३ मध्ये एनपीटीईएल उभं केलं, म्हणजे स्टॅनफर्डच्या आठ वर्षं आधी. फळा, खडू, हळू आवाजातले प्राध्यापक. तुमच्यातल्या निम्म्या इंजिनिअरांनी परीक्षेच्या आदल्या रात्री दीडपट वेगाने बघितलेले तेच ते व्हिडिओ. प्रमाणपत्राचे कोर्स नंतर आले. शिकणं फुकट, पण प्रमाणपत्र हवं तर फी भरा, केंद्रावर जा आणि पर्यवेक्षकासमोर पेपर द्या. अमेरिकन कंपन्यांनी जी गोष्ट जुनाट ठरवली होती, ती आपण सोडली नाही. मला वाटतं, म्हणूनच कॉलेजांनी या कागदावर विश्वास ठेवला.

जुलै २०१७ मध्ये 'स्वयम' सुरू झालं. यूजीसीने आधी २० टक्के आणि २०२१ पासून ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट अशा कोर्समधून घ्यायला मुभा दिली. म्हणजे कागदावर तरी, तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलीला न मिळणारा विषय ती आयआयटीच्या प्राध्यापकांकडून शिकू शकते आणि तो तिच्या गुणपत्रिकेत येऊ शकतो. अडलं तर विचारायला तिच्या कॉलेजात कोणी आहे का, हे मात्र त्या नियमात लिहिलेलं नाही.

तुमच्या कॉलेजात हे क्रेडिट खरंच देतात का? आणि कोर्स करताना कोणी मदतीला होतं का? व्हॉइस नोट पाठवा, कॉलेजचं नाव नाही सांगितलं तरी चालेल. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवतो.