निधी आणि नंदादीप

देवस्थानास नंदादीपासाठी म्हणून कोणी रक्कम अर्पण केली, तर तिचा विनियोग अन्य कार्याकडे करता येत नाही, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. तो दीप निधीच्या बळावर तेवतो, विश्वस्तांच्या मर्जीवर नव्हे. बालाघाट जिल्ह्यात विडी वळणाऱ्या स्त्रियांच्या औषधोपचाराचा इतिहास आम्हांस याच दृष्टीने पाहावासा वाटतो.

वैनगंगाकाठचा हा जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. पैशाअभावी कोणीही उपचारावाचून राहू नये, असे भोर समितीने १९४६ सालीच सांगितले होते. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने कारखान्यातील कामगारास आधार दिला. परंतु घरच्या ओसरीवर तेंदूपत्त्यात तंबाखू भरणारी स्त्री त्या कायद्याच्या चौकटीत सहसा बसेना. तिच्यासाठी १९७६ साली संसदेने दोन कायदे केले. एकाने उपकर बसविला. दुसऱ्याने त्यातून कल्याणनिधी उभारला. ओळखपत्र दाखवून दवाखान्यात जाणारी ती स्त्री कोणाची कृपा मागत नव्हती. तिच्याच श्रमाच्या मालावर बसलेल्या कराचा तो परतावा होता.

वस्तू व सेवा कर आला आणि २०१७ साली हा उपकर संपला. खर्चाचा भार सर्वसाधारण अर्थसंकल्पावर आला. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेने पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण दिले. मात्र ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. रोजच्या खोकल्याचे औषध त्यात येत नाही.

तथापि जुन्या निधीचा आम्ही नुसता गौरव करणार नाही. विडी वळणारीस दवाखाना आणि तिच्यासाठी रानात पाने तोडणारीस त्या निधीतून काहीच नाही, हा कोणता न्याय? रोग धंदा विचारून येत नाही. म्हणून सर्वांसाठी एकच कोष, हे तत्त्व योग्यच होय.

उणीव आहे ती बंधनाची. घटनेचे ४७ वे कलम सार्वजनिक आरोग्य हे राज्याचे कर्तव्य म्हणते, पण त्याची अंमलबजावणी न्यायालयाकडून करवून घेता येत नाही. २०१७ च्या धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्के करण्याचे ठरविले. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून ३९.४ वर उतरला, हे समाधानाचे. पण उरलेला वाटाही गरिबाच्या घरी कर्ज होऊनच येतो.

दीप सर्वांसाठी लावला, हे उत्तम झाले. आता त्याच्या तेलाची तरतूद कायद्याने बांधून घ्यावी, एवढेच आमचे म्हणणे.