तेरा मण्यांची माळ

आमच्या सीमाभागात कोडाला दोन नावे आहेत. मराठी घरात 'कोड', शेजारच्या कानडी घरात 'तोन्नु'. भाषेवरून आपण कितीही भांडलो, तरी या पांढऱ्या डागाची भीती दोन्ही घरांत सारखीच. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत नववीतली एक मुलगी भर उन्हाळ्यात स्वेटर घालून येई. मनगटावर डाग उमटला होता. तिच्या शेजारच्या मुलीची आई बाक बदलून मागायला आली. कोड स्पर्शाने पसरत नाही, हे समजावून मी तिला परत पाठवले. नंतर ती मुलगी दारात उभी राहून म्हणाली, "सर, अंगाचा रंग जातो तो जातो कुठे?"

मी इतिहासाचा एम. ए. मला उत्तर येईना. म्हणून वाचू लागलो, तर हाती एक इतिहासच लागला.

त्याची सुरुवात बेडकांपासून होते. १९१६ साली अमेरिकेत फिलिप स्मिथ आणि बेनेट अ‍ॅलन या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लांची पियूषिका ग्रंथी काढून टाकली. काळसर पिल्ले रुपेरी पडली! मेंदूच्या तळाशी असलेली ही इवलीशी ग्रंथी कातडीला रंगाचा निरोप धाडते, हे त्यातून कळले.

तो निरोप वाचला येल विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ एरन लर्नर यांनी. कोड हा त्यांच्या जन्मभराच्या अभ्यासाचा विषय. डुकरांच्या ग्रंथींतून त्यांनी हे संप्रेरक वेगळे केले आणि १९५७ साली त्याची रचना जाहीर झाली: तेरा अमिनो आम्लांची साखळी, जणू तेरा मण्यांची माळ. परीक्षा पुन्हा बेडकाचीच. कातडीचा तुकडा द्रावणात ठेवायचा आणि तो किती काळवंडतो ते प्रकाशाने मोजायचे. याच परीक्षेत उलट परिणाम करणारा, कातडी फिकट करणारा पदार्थ शोधताना १९५८ साली त्यांना मेलाटोनिन सापडले. आज लोक ते झोपेसाठी घेतात. लर्नर मात्र रंगाच्या मागे होते. १९६१ साली माणसांना हे संप्रेरक टोचल्यावर त्यांची त्वचा सावळी झाल्याचेही त्यांनी दाखवले. पण कोडाचे कोडे सुटले नाही. डागाच्या जागी रंग करणाऱ्या पेशीच नाहीशा झालेल्या असतात. पत्र आले, पण घराला कुलूप.

शिवाय ही माळ रक्तात फार लवकर तुटे. येथे अ‍ॅरिझोना विद्यापीठातील मॅक हॅडली आणि व्हिक्टर हृबी यांचे काम येते, आणि मला ते सर्वांत आवडते. अल्कलीत तापवलेल्या संप्रेरकाचा परिणाम जास्त वेळ टिकतो, हे जुने निरीक्षण होते. का टिकतो? तापवल्याने काही मणी आपल्याच आरशातल्या प्रतिमेसारखे उलटतात, आणि त्यांत सातवा महत्त्वाचा. मग त्यांनी सातवा मणी मुद्दामच उलटा बसवला, चौथाही बदलला. डाव्या पायाचा जोडा उजव्या पायात जात नाही, तशी माळ तोडणारी विकरे तेथे अडखळली. १९८० साली ही कृत्रिम माळ प्रसिद्ध झाली. मूळ संप्रेरकापेक्षा किती तरी जोरकस आणि टिकाऊ.

निरोप घेणारे ग्राही १९९२ पासून एकेक करून ओळखले गेले. ते पाच निघाले. त्वचेतला रंगाचा, पण मेंदूतला एक भुकेचा! त्या ग्राहीला जागे करणारे सेटमेलानोटाइड २०२० साली अमेरिकेत काही दुर्मिळ आनुवंशिक स्थूलतेवर मंजूर झाले. रंगाच्या शोधात निघालेले लोक भुकेच्या दारी पोहोचले.

१९८० ची माळ अफामेलानोटाइड या नावाने युरोपात २०१४ साली आणि अमेरिकेत २०१९ साली औषध म्हणून मंजूर झाली, तीही कोडावर नव्हे. काहींना जन्मजात दोषामुळे ऊन लागले की आगीसारख्या वेदना होतात. त्यांच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी गोळी बसवतात. दरम्यान गोऱ्या देशांत सावळे दिसण्याच्या हौसेपायी असलीच द्रव्ये चोरून विकली आणि टोचली गेली. ब्रिटनच्या औषध-नियंत्रकांना इशारे द्यावे लागले. इकडे आमच्या वधू-वर जाहिरातींत 'गोरी' हा शब्द अजून पहिल्या ओळीत! असो.

कोडावरही हे औषध अतिनील किरणांच्या जोडीने वापरून पाहिले गेले. २०१५ च्या एका चाचणीत रंग लवकर परतला, आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत विशेष. मात्र भोवतालची निरोगी त्वचाही गडद झाली.

त्या मुलीला मी एवढेच सांगितले, की रंग कुठे जात नाही, तो करणारी पेशी मरते. पण केसांच्या मुळाशी त्या पेशींचे बी पुष्कळदा शिल्लक असते, आणि रंग परततो तो तेथूनच, ठिपक्या-ठिपक्यांनी. तिने स्वेटरची बाही वर सारली आणि मनगट खिडकीच्या उजेडात धरले. डागावरची लव अजून काळी होती.