खोक्यातला एक भाग कमी आला तर? जबाबदारी कोणाची आणि दाद कुठे मागायची

नवा सिलिंग फॅन घरी येतो. इलेक्ट्रिशियन शिडी लावतो, पाती मोजतो, दांडा बाहेर काढतो आणि विचारतो, "स्प्लिट पिन कुठे आहे?" खोका उलटा करून झटकला तरी पिन सापडत नाही. हार्डवेअरच्या दुकानात ती अगदी किरकोळ किमतीला मिळते. पण फॅनचा दांडा ज्या बोल्टने मोटरला जोडलेला असतो, त्याचा नट कंपनाने सैल होऊन बोल्ट निसटू नये, यासाठीच ही पिन असते. ती नसताना फॅन लावणे म्हणजे डोक्यावर धोका टांगून ठेवणे.

ग्राहक कस्टमर केअरला फोन लावतो. पलीकडून विचारणा होते, "फॅन चालू आहे का?" अजून लावलाच नाही, असे सांगितल्यावर उत्तर येते, "मग आधी लावून घ्या, बिघाड आला की तक्रार नोंदवा."

वस्तू आली, पण पूर्ण आली नाही. मिक्सरचे चटणीचे भांडे, कपाटाच्या स्क्रूची पिशवी, प्रेशर कुकरची शिट्टी अशा कमी आलेल्या भागांच्या तक्रारी एका बिघडलेल्या वस्तूच्या तक्रारीपेक्षा जास्त रेंगाळतात. त्यामागची कारणे आणि ग्राहकाचे हक्क समजून घेऊ.

भाग कमी कसा पडतो?

अनेक कारखान्यांत बंद केलेला खोका वजन करून तपासला जातो. वजन ठरलेल्या मर्यादेत भरले की खोका पुढे जातो. पण खोका वीस-तीस किलोचा आणि स्क्रूची पिशवी काही ग्रॅमची असेल, तर पिशवी राहून गेल्याचे वजनात कळतही नाही. त्यामुळे लहान भाग सुटून जाण्याची शक्यता जास्त असते.

दुसरे कारण म्हणजे परत आलेला माल. एखाद्या ग्राहकाने वस्तू परत केली आणि तिची नीट मोजदाद न होता ती पुन्हा विक्रीला गेली, तर आधीच्या घरी राहिलेला भाग पुढच्या ग्राहकाला मिळत नाही. दुकानात दाखवण्यासाठी उघडलेल्या खोक्याचेही असेच होऊ शकते.

तक्रार अडकते कुठे?

विक्रेता वस्तू विकतो ती अख्खी. त्याच्या गोदामात फॅन असतो, सुटी पिन नसते. म्हणून तो 'पूर्ण वस्तू परत करा' एवढाच पर्याय देतो. ऑनलाइन खरेदीत ॲपवरही बहुधा 'खराब आली', 'चुकीची आली' असे ठरावीक पर्याय असतात आणि परत करण्याची मुदत थोड्या दिवसांची असते.

सुटे भाग असतात ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे. पण तिथले काम वॉरंटीवर चालते. वॉरंटी म्हणजे ठरावीक काळात वस्तू बिघडल्यास ती दुरुस्त करून देण्याची हमी. मुळात जो भाग मिळालाच नाही, तो बिघडणार कसा? त्यामुळे सर्व्हिस सेंटर ग्राहकाला विक्रेत्याकडे पाठवते, विक्रेता कंपनीकडे आणि ऑनलाइन बाजारपेठ पुन्हा विक्रेत्याकडे. दरम्यान परत करण्याची मुदत संपून जाते.

कायदा काय सांगतो?

'ग्राहक संरक्षण कायदा, २०१९' जुलै २०२० मध्ये लागू झाला. त्याने १९८६ च्या कायद्याची जागा घेतली. या कायद्यानुसार वस्तूच्या दर्जात, प्रमाणात किंवा परिपूर्णतेत असलेली उणीव हादेखील 'दोष' ठरतो. म्हणजे वस्तू चालते की नाही, एवढाच प्रश्न नसतो. ज्या स्वरूपात ती विकली गेली, त्या स्वरूपात ती मिळाली का, हेही पाहिले जाते.

सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही कायद्याच्या भाषेत अनुचित व्यापार प्रथा आहे. त्यासाठीची मुदत बिलावर लिहिलेली असेल ती; बिलावर मुदतच नसेल, तर ३० दिवस.

ऑनलाइन खरेदीला 'ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२०' लागू होतात. वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर ती परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. ई-कॉमर्स कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात ती निकाली काढायची असते. ग्राहकाला प्रत्येक तक्रारीचा क्रमांक मिळणेही बंधनकारक आहे.

खोक्यावरचा मजकूरही कामाचा असतो. 'वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११' प्रमाणे त्यावर उत्पादक, पॅकिंग करणारा किंवा आयातदार यांचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्काचा तपशील छापावा लागतो. एका खोक्यात एकाहून जास्त वस्तू असतील, तर प्रत्येकीचे नाव आणि संख्या किंवा प्रमाण लिहावे लागते. 'तीन भांड्यांसह मिक्सर' असे खोक्यावर असेल आणि आत दोनच भांडी निघाली, तर पुरावा खोक्यावरच छापलेला आहे.

पहिल्या दिवशी काय करावे?

खोका, थर्माकोल आणि पिशव्या लगेच टाकून देऊ नयेत. बरेचदा लहान भाग थर्माकोलच्या खाचेत किंवा माहितीपुस्तिकेच्या पिशवीत चिकटवलेला असतो. तो नाहीच अशी खात्री झाल्यावर सगळे भाग ओळीने मांडून फोटो काढावा. खोक्याच्या लेबलचा, मॉडेल व अनुक्रमांकाचा आणि बिलाचाही फोटो घ्यावा. खोका उघडतानाचा व्हिडिओ असेल तर उत्तमच. काही कंपन्या त्याचा आग्रह धरतात.

माहितीपुस्तिकेत भागांची यादी असेल, तर कमी आलेल्या भागाचे नेमके नाव आणि क्रमांक शोधावा. 'एक छोटा स्क्रू नाही' यापेक्षा 'यादीतला सातवा भाग, चारपैकी तीनच नग मिळाले' हे वाक्य फोनवरच्या कर्मचाऱ्याला लगेच समजते.

वस्तू अर्धवट जोडून वापरायला सुरुवात करू नये. एकदा वापरली की 'भाग तुमच्याकडूनच हरवला' असे म्हणायला जागा मिळते. फॅन, कुकर, गॅसची शेगडी यांच्या बाबतीत सुरक्षेचाही प्रश्न असतो. प्रेशर कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह कमी असेल, तर दुसऱ्या कुकरचा काढून बसवण्याचा प्रयोग करू नये.

तक्रार कशी लिहावी?

फोनवर बोलणे झाले, तरी त्याच दिवशी ईमेलने किंवा ॲपवर लेखी तक्रार द्यावी. विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही एकच मजकूर पाठवावा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवणे अवघड जाते. त्यात बिल क्रमांक, खरेदीची तारीख, कमी आलेला भाग, आधीच्या फोनची तारीख व तक्रार क्रमांक आणि आपली नेमकी मागणी असावी. मागणीला मुदत घालावी. उदाहरणार्थ, 'सात दिवसांत स्प्लिट पिन विनामूल्य पाठवावी. ते शक्य नसल्यास पूर्ण फॅन बदलून द्यावा किंवा पैसे परत करावेत.'

भाग मिळण्याआधीच 'तक्रारीचे निराकरण झाले' असा संदेश येणे, हा अनेकांचा अनुभव असतो. अशा वेळी नवी तक्रार नोंदवण्याऐवजी जुन्याच क्रमांकावर 'भाग मिळालेला नाही' असे लेखी उत्तर द्यावे. नवा क्रमांक घेतला की दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि झालेला उशीर कागदावर दिसत नाही.

फोनवर बोलणाऱ्या कर्मचाऱ्यावर चिडून फारसा उपयोग होत नाही. सुटा भाग पाठवण्याचा अधिकार बहुधा त्याच्याकडे नसतोच. तक्रार वरच्या पातळीवर पाठवायला सांगून, ती पाठवल्याची नोंद मागणे जास्त उपयोगी ठरते.

तरीही दाद मिळाली नाही तर?

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे मराठीतही तक्रार सांगता येते. हेल्पलाइन ती कंपनीकडे पाठवून पाठपुरावा करते, मात्र कंपनीला आदेश देण्याचा अधिकार तिला नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थाही ग्राहकांना मार्गदर्शन करतात.

शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रार इथे दाखल होते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. वकील नेमण्याची सक्ती नाही आणि तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. कंपनीचे कार्यालय दुसऱ्या राज्यात असले, तरी ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या आयोगाकडे जाता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, पैसे परत करण्याचा किंवा भरपाईचा आदेश देऊ शकतो. वस्तूची तपासणी आवश्यक नसेल, तर विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल द्यावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागू शकतो.

एका पिनसाठी आयोगापर्यंत जाणे अनेकांना परवडत नाही, आणि बहुतेक वेळा तशी गरजही पडत नाही. तारीखवार लेखी तक्रार आणि सोबत फोटो असले, तर प्रकरण बरेचदा त्याआधीच मिटते. पिन बाहेरून विकत घेण्याचा मोह झालाच, तर ती त्याच मापाची आहे ना, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारून घ्यावे. तोवर फॅन खोक्यातच राहू द्यावा.